शुक्रवारचं पत्रक

दुपारी तीनला मी लिहायला बसते,
तेव्हा शेटलंडच्या जानेवारीनं उजेड आवरता घेतलेला असतो
आणि बसच्या दिव्यांत मुलं
वाऱ्याला खांदा लावून उभी असतात.

प्रिय पालकहो,
मंगळवारी फेरी सुटली नाही, म्हणून दंतवैद्य आले नाहीत.
आता पुढच्या महिन्यात,
समुद्राची मर्जी असली तर.
रसायनशास्त्राच्या तासाला जे झालं
त्याला आग म्हणू नये, असं इस्बिस्टर सरांचं म्हणणं आहे.
पडदा नवा येईल.
उवा परत आल्यात. कुणाच्या डोक्यातून, ते कृपया विचारू नका.
अग्नि-उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी.
खोट्या दाढीचा गोंद तेलानं निघतो, साबणानं नाही.
(गेल्या वर्षी एर्लंड तीन दिवस दाढीसकट वर्गात बसला होता.)
लॉरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे,
बस त्याची बहीण चालवेल.
ती थांबत नाही.

मग हॅलक्रोबाई हिरवं पेन घेऊन येतात.
दोन माणसं फितीनं वर्ग मोजून गेली, असं मी लिहिलं होतं.
बाई खोडतात, वर लिहितात: पाहुणे आले होते.
पटावर एकोणपन्नास, हेही जातं.
‘शुक्रवारी संध्याकाळी कुणाला आकडे हवेत, सांग बरं?’

शेवटी राहतात सापडलेल्या वस्तू.
एक बूट, डाव्या पायाचा.
ट्रंपेटचं तोंड.
हातमोजा, एकच, निळा, मनगटाशी पांढरी नक्षी.

पत्रक आता फोनवर जातं, एका बटणात.
कागदाची प्रत मी एकच काढते,
ओस्लासाठी, टेकडीच्या पलीकडे.
तिचा मॅग्नी अकरा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेला,
आता कुठल्याशा तेलाच्या जहाजावर आहे, नाताळला फोन करतो.
यादीतून तिचं नाव काढायला गेले होते एकदा.
म्हणाली, ‘राहू दे गं.
कुणाला उवा झाल्या ते कळायला नको का?’

आणि सोमवारी, न चुकता,
ऑफिसच्या दाराच्या कडीला पिशवी.
आत हातमोजा, हरवलेल्याचा जोडीदार.
मी लिहिलेल्या एका ओळीवरून विणलेला,
तोच निळा, जवळजवळ तोच.
नक्षी मात्र तिची,
आणि अंगठा जरा मोठा,
कारण पोरं वाढतात, हे ती गृहीत धरते.
अर्धी शाळा असे न जुळणारे जोड घालून हिंडते.
रोना तर मुद्दाम एक हरवते, असा मला संशय आहे.

या आठवड्यात काहीच सापडलं नाही.
खोकं रिकामं.
कमी मुलं, कमी हरवणं, हिशेब सोपा आहे.
मी बराच वेळ पडद्यावरच्या रेघेकडे पाहत बसले,
ती लुकलुकत होती, घाई न करता.
मग लिहिलं:
हातमोजा, उजवा, शेवाळी हिरवा, लहान मुलाचा.

बावीस वर्षांत पत्रकात पहिली थाप.
बाईंनी वाचलं. हिरवं पेन
त्या ओळीवर जरा थांबलं
आणि पुढे गेलं.

सोमवारी पिशवी होती.
आत शेवाळी हिरवा डावा,
आणि त्याला दोऱ्यानं टाचलेला उजवा.
चिठ्ठी शिशाच्या पेन्सिलीनं:
‘दोन्ही पाठवतेय.
आणि मागच्या पत्रकात
‘दंतवैद्य’मधला अनुस्वार राहिला होता.’

मी फाइल उघडून पाहिलं.
राहिला होता.

हिरवा जोड अजून खोक्यात आहे.
लहान हाताचं कुणी
यंदा तरी शाळेत आलेलं नाही.
पुढच्या शुक्रवारी लिहीन:
एक जोड, धड, नवा.
ज्याचा असेल त्यानं
घेऊन जावा.