जादा आलेला अ

उद्यमबागेतली शेड विकून आज एकोणीस दिवस.
क्युपोला भंगारात गेला, वजनावर.
वाळू तेवढी राहिली, काळी, जळकी,
ती घेणाऱ्याला तशीच सोडून दिली.

पैसे खात्यावर आले आणि नीट निजलेसुद्धा नाहीत.
तेजश्रीचा फोन : पप्पा, घराची तारीख ठरलीय,
अठ्ठावीसच्या आत पोचायला पाहिजेत.
ती ग्वेल्फला असते, कॅनडात.
गल्लीत सांगितलं तर म्हणतात,
गल्फला होय? खजूर पाठवते काय मग?
मी आता दुरुस्त करायचं सोडलंय. असू दे गल्फ.

टिळकवाडीच्या बँकेत, वरच्या मजल्यावर, हुक्केरी मॅडम.
पोरगी बैलहोंगलची, कामाला चोख.
पैसा कुठला, कशाला चाललाय, ती कोण लागते तुमची.
दहा लाखांवर वीस टक्के सरकार धरून ठेवतंय,
पुढं मिळतंय म्हणे परत.
कारणाच्या रकान्यात मी लिहायला लागलो,
मुलीला घर घ्यायचं आहे, म्हणून.
एवढं नको अंकल, गिफ्ट लिहा.
छत्तीस वर्षं भट्टीच्या तोंडाला उभारून
भुवया जळालेल्या माणसानं
लिहिलं, गिफ्ट.
मालननं पण सही केली,
तिची सही अजून दुरेघी वहीतली.

पाचव्या दिवशी मॅडमच:
हेसरु मिसमॅच आगैत्री, अंकल.

पासपोर्टात मी यल्लोजी भरमा बेळगुंदकर, राहणार बेळगाव.
शेडच्या कागदात तोच मी
मराठीतनं कन्नडात, कन्नडातनं इंग्रजीत जाता जाता
यल्लप्पा भरमप्पा
बेळ-अ-गुंद-अ-कर-अ, राहणार बेळगावी.
अक्षरामागं एकेक अ येऊन बसलेला,
साच्यात वारा अडकावा तसा.

पैसे निघाले होते. पोचले नव्हते.
मधेच कुठल्या तरी बँकेत थांबवून ठेवलेले,
ते गाव कुठलं, मॅडमलाही ठाऊक नाही.
तिकडं पोरीला दिवसाचा दंड चालू.
इकडं मी सकाळी उठून डॉलर बघतोय,
पूर्वी पिग आयर्नचा भाव बघायचो तसा,
चहा गार होईपर्यंत.

ह्या गावाच्या नावासाठी किती मोर्चे बघितले.
एकदा लाठी पण खाल्ली, डाव्या पोटरीवर.
तेव्हा अक्षराचं वजन कळलं असं वाटायचं.
कळलं नव्हतं.
दिवसाला किती रुपये, ते आता कळलं.

कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली टेबल टाकलेल्या नोटरीकडं
शंभराचा स्टॅम्प घेतला.
'वरील दोन्ही नावांचा इसम मी एकच असून'
त्यानं वाचून दाखवलं. बरोबर हाय काय?
मी थोडा वेळ घेतला.
कामगार यल्लप्पा म्हणायचे, ते खरं.
आई यल्लू म्हणायची, ते कुठल्याच कागदात नाही.
हाय, म्हटलं. मार शिक्का.

सव्विसाला संध्याकाळी: आत्री अंकल, क्रेडिट झालं.
तिच्या आवाजात माझ्यापेक्षा जास्त आनंद.
पेढे द्यायला गेलो तर रजेवर.

मग व्हिडिओवर घर दाखवलं पोरीनं.
स्वयंपाकघर, तळघर, मागं एक वाळकं झाड.
मालन म्हणाली देव कुठल्या भिंतीला ठेवणार.
मी म्हटलं, रस्ता दाखव.
रस्ता काय पप्पा!
दाखव की गं.

घरापुढं गटारीचं झाकण. गोल, बिडाचं.
बुटानं बर्फ सरकवला तिनं, अक्षरं आली वर:
मेड इन इंडिया.
एवढंच. गाव नाही, ओतणाऱ्याचं नाव नाही.
कुणी अडवलं नसेल ह्याला.
खाली वाक, म्हटलं, जरा कडेला घे फोन.
होता. कडेला ब्लो-होल, तुरीच्या दाण्याएवढा.
वारा निघायला वाट ठेवली नव्हती कुणी तरी.
रोज गाड्या जातात ह्यावरनं?
जातात की.
मी बघतच राहिलो.

पप्पा, आत चला आता,
किती थंडी आहे, ती म्हणाली,
मला,
पंख्याखाली बनियनवर बसलेल्याला.