ठीक, बोथट, तुटणार

भोसरीत टी ब्लॉकच्या मागच्या शेडमध्ये
मला पहिली नोकरी लागली ती ऐकण्याची.
पद: डेटा सहायक. कंत्राटी. अकरा महिने.
आईने फोनवर विचारलं, म्हणजे करायचं काय गं?
म्हटलं, आवाज ऐकायचे आणि त्यांना नावं द्यायची.
ती हसली. नावं ठेवायला पगार देतात होय पुण्यात?

शेजारच्या खुर्चीत रंगनाथ गव्हाणे.
पंचवीस वर्षं लेथवर, नंतरची नऊ सीएनसीवर,
डाव्या करंगळीला नख नाही.
हेडफोनसाठी टोपी काढणं त्यांना पटेना,
शेवटी टोपीवरूनच घालायला लागले.
माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.
ए लातूर, लाव पुढचा.

पाच सेकंदांचा एकेक तुकडा. पडद्यावर तीन बटणं:
ठीक. बोथट. तुटणार.
मला सगळं सारखंच वाटायचं,
पत्र्यावर कुणी सलग चिडल्यासारखं.
ते डोळे मिटायचे, दाढेतली सुपारी थांबायची.
ठीक. ठीक. बोथट.
अगं हा तर ओरडतोय, ऐकू येत नाही? तुटणार.
मी बटण दाबायची.
दिवसाला चारशे तुकडे. गुरुवारी सुट्टी.

एकदा भाकरी मोडता मोडता विचारलं,
काका, हे सगळं त्याला शिकवून झालं
की तुम्हाला कोण विचारणार?
माझ्या डब्याच्या झाकणात ठेचा वाढत म्हणाले,
माझ्या उस्तादाने मला काही शिकवलंच नाही.
जॉब लावताना पाठ करून उभा राहायचा.
चोरून ऐकलं, म्हणून कान आला.
हे निदान समोर बसून विचारतंय.
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, पण तेही स्वतः कुठं विचारतंय,
तुला पाठवतंय. तुलाही अकराच महिने.

जानेवारीत सतरा मशिनींवर एकेक डबी बसली,
काडेपेटीएवढी, चुंबकाने चिकटवलेली.
हिरवा दिवा, पिवळा, तांबडा.
पहिल्या आठवड्यात दोनदा तांबडा लागला,
दोन्ही वेळा बरोबर.
मालकांनी पेढे वाटले.
गव्हाण्यांनी आपला कागदात गुंडाळून खिशात ठेवला, नातवाला.

तिसऱ्या आठवड्यात सात नंबरवर दिवा हिरवा होता
आणि शेडच्या दारातच माझे पाय थांबले.
रोजचं ते चिडणं होतंच, पण त्याच्या खाली काहीतरी,
भात खाताना दाताखाली खडा यावा तसं.
मी म्हटलं, सात.
मशिनीवरच्या पोराने दिव्याकडे बोट दाखवलं.
सात. थांबव.
कुरकुरत थांबवलं त्याने, ड्रिल काढून उजेडात धरलं.
कडेला केसाएवढी चीर.
गव्हाणे मागे केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही.
ए लातूर, उशीर केलास.
दोन मिनिटं झाली, ओरडतोय तो.

मार्चमध्ये माझे अकरा महिने भरले, त्यांची साठ वर्षं.
डब्या तिथेच आहेत. सातची बदलली म्हणतात.

आता इंद्रायणीनगरच्या खोलीत फॉर्म भरतेय.
कौशल्ये: यादीतून निवडा.
यादीत एक्सेल आहे, पायथन आहे, नेतृत्वगुण आहेत.
पलीकडे मृण्मयी मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी फिरवतेय.
मी मान वर न करता म्हणते, बुश जातोय त्याचा.
गप गं, नावं ठेवू नकोस, दिवाळीत घेतलाय.
मी ‘इतर’वर टिचकी मारते.
पुढे रिकामा चौकोन उघडतो, वीस अक्षरांपुरता.
बोट तसंच अधांतरी ठेवून
मी पुन्हा ऐकते.
बोथट.
तुटायला अजून आठवडा आहे.