ळ

लोणारहून निघताना आईकडे
एक पत्र्याची पेटी होती, कडेवर मी,
आणि नावात एक ळ.
कमळजा गुलाब सरकटे.
सरोवराकाठच्या देवीचं नाव, नवसाचं.
अकोल्याहून छोट्या लाइनची गाडी.
महूला जाग आली तेव्हा पेटी होती, मीही होते.

ळ रेशनच्या खिडकीत गेला.
"हिंदी में ये अक्षर होता ही नहीं, बाई,"
म्हणत त्याने लिहिलं : कमलजा.
आईची शाळा चौथीपर्यंतची.
तिने कार्ड उलटंसुलटं पाहिलं.
म्हणाली, मग तुमच्यात बाळ रडतं कसं?

परदेशीपुरा.
नावच असं की "तुम्ही कुठले" विचारणाराही
कुठूनतरी आलेलाच.
एका भिंतीला बलियाचे लोहार,
दुसरीला देवासकडची गेंदाबाई,
जी ओट्यावरून मालवीत हाक मारायची,
"कमळजा ए!"
ळ अगदी जिथल्या तिथे, टाळूला लावून.
अक्षर सरकारात नव्हतं,
गल्लीत होतं.

वडील मिलमध्ये, रात्रपाळीला, साच्यावर.
पहाटे केसांत कापूस घेऊन यायचे.
एका पहाटे केस काळेच होते.
फाटकाला कुलूप.

थकलेल्या पैशांची वाट बघत ते गेले.
आईने चाळीस डबे धरले,
आणि डबे पोचवून झाले की कचेरी.
आधी आमच्या कागदासाठी,
मग गेंदाबाईच्या, मग लोहाराच्या विधवा सुनेच्या,
मग ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत त्यांच्या.
अर्ज हिंदीत, व्याकरण बुलढाण्याचं.
"गली नंबर सात में नळ नहीं है."
बाबूने ळभोवती तांबडा गोल काढून कागद परत केला.
तिने नवा कागद घेतला. पुन्हा नळ.
अकरा अर्ज, अकरा गोल.
बाराव्याला ती चोपन्न बायका आणि चोपन्न रिकाम्या कळश्या
घेऊन गेली, कळश्या जिन्यावर वाजवत.

नळ आला तेव्हा मी सातवीत होते.
पहिली ओंजळ तिने प्यायली नाही, फक्त जिभेला लावली.
"खारं नाही," म्हणाली,
आणि रांग लावायला धावली.

शोकसभेत कुणी म्हणालं, देवी होती.
देवीच्या हातची पळी माझ्या पाठीवर बसलेली
त्यांनी पाहिली नव्हती.
माझ्या परीक्षेच्या फीचे पैसे
तिने रुख्सानाचाचीच्या मुलाच्या जामिनाला दिले.
मी दहावी एक वर्ष उशिरा झाले.
हे मी तिला अजून माफ केलेलं नाही.
तिनेही कधी मागितली नाही माफी.
जामिनावर सुटलेला तो मुलगा
तिरडीला पुढून खांदा द्यायला आला,
आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी दार वाजलं.
पिशवीत कागद घेऊन एक बाई, निमाडकडची असावी,
तिला माहीत नव्हतं.
मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली, पाणी प्यायली,
थोडं रडली,
मग पिशवीतून कागद काढलाच.
विधवा पेन्शन. तीन वर्षं अडलेली.

मी बँकेत आहे, माझं हिंदी शुद्ध आहे.
लिहिलं : श्रीमान महोदय.
तिने वाचायला लावलं, मान हलवली.
"तेरी माँ बाबू का नाम लिखती थी, सबसे ऊपर, बड़े अक्षर में.
नाम दिखे तो आदमी थोड़ा शरमाता है."

मी कागद फाडला.
बाबूचं नाव विचारलं.
"काळे," ती म्हणाली,
आणि मी पेन टेकवलं.