मुदत

सोहारला, मासळीबाजाराच्या मागे,
मरहूनच्या बर्फाच्या गोदामात
मी कॉम्प्रेसर सांभाळायचो.
एका दुपारी डॉक्टर झुवैना आल्या,
अबायाच्या कडेला खारं पाणी लागलेलं.
म्हणाल्या, अर्धी खोली भाड्यानं हवी
आणि उणे ऐंशीला न कुरकुरणारा माणूस.

मी म्हटलं, माणूस कुरकुरेल, मशीन नाही.
अजून तोच करार चालू आहे.

पहिल्या वर्षी एक फ्रीजर, एक टेबल,
दारावर कंपनीचं नाव खडूनं,
आणि भिंतीपलीकडे सुरमईच्या राशी.
गिऱ्हाइकं चुकून आमच्याकडे येऊन
भाव विचारायची.
आमच्याकडे तेव्हा होतं
मांडीचं एक हाड, चौदा तुकडे केलेलं,
आणि नऊ जणींच्या वारेचे पापुद्रे,
कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ,
भाजलेल्या डोळ्यांवर बसवायचे.
मारीव्हिक ते मिठाच्या पाण्यात खळबळायची,
एखाद्याचं झबलं धुवावं तशी, सावकाश.

आमच्या हर्णैला वार पुरतात.
हळदकुंकू वाहून, मडक्यात घालून,
कुत्र्यानं उकरू नये इतकी खोल.
पहिले काही महिने
मला तिकडं बघवत नव्हतं.

मग मस्कतहून मागणी आली. मग सलालाहून.
मग कुवेतहून एक गृहस्थ आले,
भर जुलैत कोट घालून,
आणि फ्रीजरसमोर दहा मिनिटं नुसते उभे राहिले.
मला वाटलं, गारव्यासाठी.
ते पैसे घालायला आले होते.

खडूचं नाव पुसलं.
औद्योगिक वसाहतीत शेड,
शेडच्या जागी तीन मजले,
हृदयाच्या झडपा नायट्रोजनच्या टाक्यांत,
जर्मनीहून वाळवण्याचं यंत्र.
हेमांगी ते बघून म्हणाली, पापडच की हे.
माझ्या कार्डावर आता शीतसाखळी प्रमुख लिहिलंय.
पगाराला अजून ते कळलेलं नाही.

एका ऑगस्टात रात्री वीज गेली, जनरेटरही रुसला.
मरहूननं न विचारता ट्रक भरून बर्फ पाठवला.
उणे ऐंशीला त्या बर्फाचा काडीचा उपयोग नव्हता.
आम्ही तो तरीही भिंतींना रचला
आणि पहाटेपर्यंत त्यावर पाठ टेकून बसलो,
झुवैना, मी, आणि ड्रायव्हर झरीन गुल,
फ्रीजरचा आकडा वाचत,
घरात कुणाला ताप असावा तसा.

मुलगी झाली तेव्हा सिझेरियन करावं लागलं.
फॉर्मवर हेमांगीनं सही केली,
मी पेन शोधत होतो तोवर.
सहा महिन्यांनी तिचं रक्त पुन्हा तपासलं,
आणि मग मंजूर झालं:
खण चौदा, एकतीस तुकडे, वाळवलेले.
नावाच्या जागी नंबर. तो मला पाठ आहे.
पाठ असायला नको होता.

आईचा फोन. वार कुठं पुरलीस?
खजुरीखाली, म्हटलं.
वर दगड ठेवलास?
ठेवला.

पाकिटावर मुदत पाच वर्षं.
आम्हा तिघांच्या व्हिसाची, दोन.

कुणाला बसवलं ते बघायचं नाही, हा नियम.
पेटीवरचं गाव मात्र दिसतंच:
सहम. शिनास. बुरैमी. इब्री.
यातल्या दोन गावांना मी कधी गेलेलोही नाही.
ती गेली.

आता तीन तुकडे उरलेत.
परवा व्हिसाच्या खिडकीत
ती माझ्या खांद्यावर, घामेजलेली.
पलीकडचा अधिकारी कागद चाळत होता.
त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात
फिकट, नितळ असा व्रण.
असेल कशाचाही. लहानपणचा.
मी बघायचं नाही असं ठरवलं,
आणि थोडा वेळ बघितलं.

तिनं त्याला टाटा केला.
तो हसला, शिक्का उचलला,
आणि मारला:
दोन वर्षं.