सप्तमीचं पाणी

गेल्या वर्षी अडतीस वह्या आल्या,
अडतीस वह्यांत एकच किनारा.
सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘आकृती चार पाहा.’
आकृती चार कुणाकडेच नव्हती.

संगणकानं टक्के काढून दिले, लाल रंगात.
मग पोरं शहाणी झाली, शब्द बदलू लागली.
समुद्राचा सागर, सागराचा रत्नाकर,
आणि मोचेमाडच्या खाडीतोंडचा वाळूचा दांडा
एका वहीत वाळूची काठी होऊन बसला.
मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, सगळे हसले.
गवाणकर सर म्हणाले, चोर पकडायचा तर दिवा मोठा करा.
घरी जाताना वाटलं,
प्रश्नच मी असा घातला होता
की उत्तर द्यायला वेंगुर्ल्यात असायची गरज नव्हती.

म्हणून यंदा प्रश्न कापून लहान केला.
ज्याची त्याची वाळू. नवाबाग पास्कोलला,
उभादांडा समिधाला, आरवलीची हद्द मेघःश्यामला.
एक बांबूची खुंटी, तिच्यावर सुतळीच्या गाठी,
चार तिथी, भरतीची वेळ,
आणि जाळं शिवणाऱ्या कुणाकडून तरी मागून आणलेला एक शब्द
जो पाठ्यपुस्तकात नाही.
(पास्कोलनं ‘भांग’ आणला. सप्तमी-अष्टमीचं मरगळलेलं पाणी.)
कच्ची वही आधी दाखवायची, खाडाखोडीसकट.
सोमवारी दहा मिनिटं टेबलाशी बसायचं,
मी कुठल्याही ओळीवर बोट ठेवीन.
वीस गुणांतले पाच लेखनाला, पंधरा वाटेला.
चुकलं तर ‘चुकलं’ लिहा, गुण कापणार नाही.
हे शेवटचं वाक्य फळ्यावर दोनदा लिहावं लागलं.

समिधा गिरपची वही स्वच्छ होती. तिथंच मी थांबले.
शुद्ध सप्तमी, भरती सव्वाअकराला, सात गाठी भिजल्या.
भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते,
तांडेल असलेल्या बाबांनी
पाढ्यासारखं म्हणून घेतलेलं.
साताची पाऊणपट सव्वापाच.
सव्वाअकरा हे तर पौर्णिमेचं पाणी.
आणि भांगाला सात गाठी? तीन भिजल्या तरी खूप.
तिनं पास्कोलच्या पानावरची तारीख बदलली होती,
पाणी बदलायचं राहून गेलं.

बोट त्या ओळीवर ठेवलं, बोलले काहीच नाही.
ती बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली.
‘आवशीक ताप इलो होतो. म्हणान गेलंय नाय.’

नियमात लिहिलंय काय करायचं: समिती, पत्र, पालकांची सही.
पत्राचा नमुना माझ्या खणात आहे,
तोही दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा उतरवलेला,
त्यांचं नाव खोडून वर आमचं.
मी म्हटलं, येत्या गुरुवारी वद्य सप्तमी.
समुद्र तेच पाणी त्याच वेळेला परत आणतो.
जा.

पुढच्या सोमवारी वही आली ती ओलसर, कोपरा चिकट.
खुंटी कलली. कुर्लीनं सुतळी कुरतडली.
तीन गाठी, तिसरी अर्धीच.
वेळ: पावणेसहा.

‘सव्वापाच यायला हवेत,’ मी म्हटलं.
‘पण बाई, मी थंय होतंय.’
मग वही मिटता मिटता, उद्धटपणानं नव्हे,
‘तुमी सवता बगलास काय कदी?’

दाराशी मेघःश्याम खोळंबला होता, चपलांत वाळू.
पावणेसहापुढे मी बरोबरची खूण केली,
आणि समासात, पेन्सिलीनं,
माझं सव्वापाच लिहून
त्यापुढे प्रश्नचिन्ह.