जागच्या जागी

कॉम्री गावाबाहेर टेकाडावर
एक दगडी खोली आहे, आपल्याकडच्या टपरीएवढी.
आत लाकडी फळ्यांची फुली,
फुलीवर उभ्या केलेल्या कांड्या: जाड, बारीक, अगदीच बारीक.
भूकंप आला की कांडी पडायची.
ज्या बाजूला पडली, धक्का त्या रेषेतला.
दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती. मला आवडते ती.
पण कांडी न पडता
उभ्याउभ्या थोडी वळली असेल,
तर ते तिनं कुणाला सांगायचं?

माझी पेटी तेवढ्यासाठी.
अकरा किलो, बॅटरी वेगळी.
आत पाच किलोमीटर काचेची तार,
पापडाच्या डब्यात मावेल अशी गुंडाळलेली.
एकाच क्षणी दोन किरण सोडायचे,
एक सव्य, एक अपसव्य.
पृथ्वीचं रोजचं फिरणं आधीच वजा.
जमीन स्वस्थ असेल तर दोघे एकदम घरी.
जमीन वळली
तर एकाला उंबरा जरा पुढे सरकलेला सापडतो.
तो उशीर मोजण्यात माझी सात वर्षं गेली.

किती उशीर?
एडिंबरोत कुणी एक केस धरून उभं राहावं
आणि इथून, या मेंढवाड्यातून,
त्याची जाडी दिसावी, एवढ्या कोनाचा.
पूर्वी याला खोलीभर लेझर लागायचा,
डोंगराच्या पोटात, काँक्रीटमध्ये रुतवलेला.
भूकंपानं तिथवर चालत यावं अशी अपेक्षा.
आता मी पेटी इशबेल मॅकनॉटनच्या ढकलगाडीत घालते
आणि चिखल तुडवत त्याच्याकडे जाते.

इशबेल एकाहत्तर वर्षांची. भिंतीला हात लावून चालते.
डाव्या कानाचा काहीतरी आजार, चार वर्षं झाली.
उशीवर मान वळवली की खोली, कुंपण, चर्चचं टोक,
सगळं बरणीचं झाकण उघडावं तसं फिरतं.
डॉक्टरनं काढून दिलेलं चित्र तिनं फ्रिजवर लावलंय:
कानात तीन वाकड्या नळ्या, वळणं ओळखायला,
खाली खड्यांच्या दोन पिशव्या, धक्के ओळखायला.
ते बघता बघता माझा चहा निवला.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही
पृथ्वीला नुसत्या खड्यांनी ऐकत होतो.
वर-खाली, पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण.
नळ्या आत्ता कुठे बसवतोय.

पहिल्याच आठवड्यात भलंमोठं वळण सापडलं.
रुआरीनं डंडीहून फोनवर आरोळी ठोकली.
ते इशबेलचं वॉशिंग मशीन निघालं, कपडे पिळत असलेलं.
मग एका मेंढीनं झाकणाला पाठ घासली.
मग थंडी. पहाटे पारा उतरला की पेटी
न हललेल्या जमिनीला हळूहळू फिरवायची.
“हिलाही माझंच झालंय,” इशबेल म्हणाली
आणि घरातली जुनी घोंगडी तिच्यावर टाकली.
उपयोग झाला. अहवालात हे कसं लिहायचं
हा निराळा प्रश्न.

नोव्हेंबरमध्ये, पहाटे तीन चौदाला,
खरा भूकंप. एक पूर्णांक दोन.
गावात कप वाजला नाही, कुत्रं उठलं नाही.
स्क्रीनवर एक रेघ
श्वासभर थरथरली:
जमीन कुठेही न जाता
जागच्या जागी वळली, आणि परतली.
तीनदा तपासलं. मशीन बंद. मेंढ्या वरच्या कुरणात.

सकाळी इशबेल दारात, बुटाची एक नाडी सुटलेली.
“रात्री फिरलं. तीनच्या सुमाराला.
खरं सांग, जमीन होती की मीच?”

मला आकडा माहीत होता.
तिच्या कानाला कळायला तो
लाखपटीनं लहान. कदाचित कोटीपटीनं.
तोंड उघडलं ते हेच सांगायला.
“जमीन,” म्हणाले.

ती थोडा वेळ तशीच उभी.
मग भिंतीवरचा हात काढून
कोटाच्या खिशात घातला
आणि मेंढ्यांना हाका मारत चढावर निघाली,
किंचित डावीकडे झुकत.

मी नोंदवहीत वेळ लिहिली, कोन लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
शेवटी लिहिलं: घोंगडी होती.