मोजणी

उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो.
नऊ घरांची एकच गच्ची,
अक्कलकोट रोडला, कारखान्यांच्या मागं,
रात्रपाळीचे माग ऐकू येतात इतक्या जवळ.
पोरं त्या खटखटीवरच झोपतात.
सुट्टीला माग बंद असले की
कूस बदलत राहतात.

पाया खणताना सगळं ठरवलं होतं:
चुली नऊ, अंगण एक.
हंडे ज्याचे त्याचे, टाकी एक.
पोरांचं काहीच ठरवलं नव्हतं.
दोनच होती तेव्हा, दोन्ही पाळण्यात.

आता अकरा.

माझी चारू भाकरी खाते महादेवीकडं,
कारण तिची कडक असते, कडाकडा मोडते,
आणि माझी मऊ. तोंडावर सांगितलं मला.
मेहरूनची तस्लीम वेणी घालून घेते माझ्याकडून,
आईचा हात जड आहे म्हणते.
महादेवीचा गुरुसिद्ध पहिला शब्द बोलला तो 'नीळ्ळु'.
घर कानडी, शब्द तेलुगू.
त्याचा बाप दोन दिवस घुम्म.
पाणीच मागितलं की लेकरानं, राजमणी म्हणाली,
माझ्या भाषेत मागितलं म्हणून
ओलं कमी लागतंय का?

मार्चमध्ये तिचा भार्गव टाकीच्या कठड्यावर चढला.
सात वर्षांचं पोर,
एक पाय कठड्यावर, एक हवेत,
हातात पतंग, टॉवेलच्या किनारीची शेपटी लावलेला.
मी हाक मारली नाही.
दचकला असता.
शिडी चढले, दंड धरला, खाली आणला,
पाय जमिनीला टेकल्यावर
एक ठेवून दिली.
आवाज नऊ घरांत गेला.

तो रडत माझ्याकडंच वळला, हात पसरून.
मी आत गेले. दार लावलं.
माझेच गुडघे थरथरत होते,
ते कुणाला दाखवायचे?

राजमणी बोलायची थांबली.
चारू मात्र तिच्याच घरी जेवत राहिली
आणि ती वाढत राहिली, तूपसुद्धा.
ते मला जास्त लागलं.

आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं.
अबोला त्याच्यापुढं न्यायचा
तर तहानलेलं राहावं लागतं.
रात्री अडीचला नळ खरखरला.
मी पाईप धरला, तिनं मोटर लावली.
अंधारातच म्हणाली,
मारलीस त्याचं काही नाही.
मी असते तर दोन मारल्या असत्या.
रडायला लागल्यावर जवळ का नाही घेतलंस,
तेवढं सांग.

मला सांगता आलं नाही.
हंडा भरून वाहायला लागला,
दोघींचे पाय भिजले,
पाईप काढायचं कुणालाच सुचेना.

माझी बहीण म्हणते,
तुमच्यात कुणाचं पोर कोण बघतंय, काही कळत नाही.
खरं आहे.
एकदा तस्लीम शाळेतच राहिली.
जिला तिला वाटलं, दुसरीनं आणली असेल.
संध्याकाळी साडेसातला सापडली,
वॉचमनच्या डब्यातली शेंगाचटणी बोटानं चाटत,
आमच्याकडं बघून म्हणाली, एवढ्या जणी कशाला आलात?
मेहरून रस्त्यातच खाली बसली.
त्या रात्री कुठल्याच चुलीवर नीट काही शिजलं नाही.

तेव्हापासून मोजायचं ठरलं.
आज पाळी माझी.
बॅटरी घेऊन फिरते दबकत.
डोकी चादरीत गुडूप,
म्हणून पाय मोजायचे आणि निम्मे करायचे.
चारू महादेवीला चिकटून,
भार्गव माझ्या अंथरुणावर आडवा,
मला जागा न ठेवता.

चोवीस पाय.
परत मोजले. चोवीस.

कठड्याकडचं ते एक ओळखू येईना,
टाचेला चिखल, पायात काळा दोरा.
चादर गुडघ्यापर्यंत सरकली होती,
खाली ओढली.

कुणाचं आहे ते सकाळी बघू.